जरासं म्हणजे किती ग्रॅम?

मे महिन्यात नागपूरहून भद्रावतीला माणूस येतो तो लग्नाला, नाहीतर मयतीला. आमची पुतणी दोन्हीसाठी आली नव्हती. भर दुपारी बसमधून उतरली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात, तान्हं लेकरू धरावं तसा, थर्माकोलचा डबा. ऑटोत बसताना बॅग तिने मला दिली, डबा दिला नाही.

"काय आहे त्यात?"

"स्ट्रिप्स आहेत मोठेबाबा. शुगर तपासायच्या. तीस डिग्रीच्या वर ठेवायच्या नाहीत."

मी वर आभाळाकडे पाहिलं. त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. तीस डिग्रीला आमच्याकडे लोक स्वेटर काढतात, म्हणजे पेटीतून काढतात आणि घालतात. घरी पोचल्यावर कूलरसमोरची जागा, जी अकरा वर्षांपासून विनातक्रार माझी होती, ती त्या डब्याला मिळाली. मी भिंतीकडे सरकलो. संशोधनाला मी दिलेलं हे पहिलं योगदान.

पोरगी गृहविज्ञानात एम.एस्सी. करते, आहारशास्त्र घेऊन. आपल्या रोजच्या ताटातल्या कोणत्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते, किती वेगाने चढते आणि कधी उतरते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. खरी चाचणी नागपूरला, रीतसर परवानग्या घेऊन, दहा धडधाकट माणसांवर होणार होती. त्याआधी घरच्या घरी एक रंगीत तालीम करून पाहावी असं तिच्या मनात आलं. रंगीत तालमीला घरचा माणूस लागतो. पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसापेक्षा जास्त रिकामा माणूस आमच्या घरात दुसरा नव्हता.

तिने मला आधी या मोजमापाचा इतिहास सांगितला. 1981 पर्यंत डॉक्टरांचा सरसकट समज असा, की साखर पटकन चढते आणि भात, पाव, आलू ही मंडळी सावकाश. मग कॅनडात टोरांटोला डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसं उपाशीपोटी बसवली, एकेक पदार्थ खाऊ घातला आणि रक्त तपासलं. एकूण 62 पदार्थ. शुद्ध ग्लुकोजला शंभर मार्क धरले आणि बाकीच्यांना त्या हिशेबाने दिले. याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. निकाल लागला तर आलू साखरेच्या पुढे! हेच ते टोरांटो, जिथे 1922 च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं होतं. तेव्हापासून त्या गावाला टोचायची सवयच लागली असावी.

मास्तर म्हणून मला या निकालपत्रकाची गंमत वाटली. 55 किंवा त्याहून कमी मार्क पडले तर पोरगं गुणी, 70 च्या वर गेलं की वांड. आणि चुका इथेही होतात. त्या पहिल्या यादीत गाजराला 92 मार्क पडले होते, म्हणजे जवळजवळ ग्लुकोजच्या मांडीला मांडी लावून. पुढे लोकांनी पुन्हा मोजलं तर ते पन्नासच्या खाली निघालं. तोवर किती घरांत गाजराचा हलवा गाजरापायी बंद झाला असेल, कोण जाणे. टरबुजाची कथा आणखी वेगळी. त्याला मार्क पडतात सत्तरीच्या पुढचे, पण चाचणीला लागणारी पन्नास ग्रॅम कर्बोदके टरबुजातून घ्यायची तर पाऊण किलोच्या आसपास टरबूज एका बैठकीत संपवावं लागतं. हे ऐकून मी लगेच टरबुजाच्या चाचणीला नाव दिलं. ती म्हणाली, "टरबूज माझ्या विषयात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी पहिला थेंब निघाला. यंत्राने पाच सेकंद विचार केला आणि 108 आकडा दाखवला. पुतणीचा चेहरा पडला.

"मोठेबाबा, तुम्ही निरोगी नाही. प्रीडायबेटिक आहात."

"अगं, मी काठावर आहे इतकंच. आयुष्यभर पोरांना काठावर पास केलं, मला कोणी करणार नाही?"

मग कळलं ते फारच सोयीचं निघालं. 2003 मध्ये अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेची सीमा 110 वरून 100 वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र 110 च ठेवली. म्हणजे न्यूयॉर्कला मी आजाराच्या उंबरठ्यावर आणि जिनिव्हाला ठणठणीत. भूगोलाच्या मास्तराला भूगोल असा कामी येईल असं वाटलं नव्हतं. त्यात घरच्या यंत्राला पंधरा टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. त्या हिशेबाने मी 92 चा सज्जनही असू शकतो आणि 124 चा गुन्हेगारही. मी 92 वर अडून बसलो.

"आणि माझ्या अंगावर आहे काय?" मी बनियन वर करून बरगड्या दाखवल्या. "शुगर जाड्या लोकांना होते."

इथे तिने मोबाईलवर एक फोटो उघडून समोर धरला. दोन गृहस्थ शेजारी शेजारी. एक लंडनचे डॉ. यडकिन आणि दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. हा फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. दोघांची आडनावं इंग्रजी वाय अक्षराने सुरू होतात म्हणून त्याला वाय-वाय विरोधाभास म्हणतात. आपण भारतीय दिसायला काडी आणि आतून लोण्याचा गोळा. याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि मग त्यांच्या लेकरांचा पाठपुरावा केला. जन्मतः हाडकुळी दिसणारी लेकरंसुद्धा साहेबांच्या लेकरांच्या मानाने चरबी राखून असतात, असं त्यांना दिसलं. स्वतःच्या पोटातली चरबी जगासमोर छापून दाखवणारा संशोधक मला आवडला. आमच्या गावात लोक वजनकाट्यावर चढताना खिशातली किल्ली काढून ठेवतात. मी बनियन खाली केलं.

दुपारी तिने माझ्या आईच्या साखरेच्या डब्यातून एक चमचा सपाट भरून घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"तुमच्या सगळ्या रक्तात मिळून साखर एवढीच असते. पाच लिटर रक्त, पाच ग्रॅम साखर. तेवढी राखायला स्वादुपिंड, यकृत, स्नायू सगळे दिवसरात्र राबतात."

मी चहात दोन चमचे घेतो. म्हणजे दर कपाला मी माझ्या स्वादुपिंडाकडे एक अख्खा पाहुणा आणि त्याची बायको जेवायला पाठवतो, तेही न कळवता. दिवसातून चारदा. हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि संध्याकाळचा चहा मी दीड चमच्यावर उरकला. रात्री त्या अर्ध्या चमच्याची आठवण येत राहिली.

तिच्या कामाचा दुसरा भाग होता आहाराच्या नोंदीचा. समोरच्या माणसाने मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्लं ते विचारायचं आणि लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. वही घेऊन ती आमच्या गल्लीत फिरली आणि तिसऱ्या घरी तिला पहिला धक्का बसला, कारण भद्रावतीत कोणी काही खातच नाही. सगळे "जरासं" खातात. नाश्त्याला जरासे पोहे, वर जराशी तर्री. दुपारी जरासा भात. चारला कोणाकडे तरी बारशाचं जरासं गोड. "मोजून सांगा ना काकू, किती?" असं विचारलं की दोन बोटांच्या चिमटीत हवा पकडून दाखवतात. त्या चिमटीत तिळाचा दाणाही मावला नसता आणि त्याच चिमटीतून बारशाची अर्धा किलो जिलेबी गेल्याचं मी स्वतः पाहिलेलं.

घरी येऊन ती डोक्याला हात लावून बसली. मी धीर दिला की हे आपल्याच गावचं आहे, बाहेर असं नसेल. तिने मान हलवली. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये काही स्थूल माणसांना असंच विचारलं गेलं होतं, ज्यांचं म्हणणं होतं की आम्ही खातो कमीच, तरी वजन उतरत नाही. त्यांच्या शरीराने खरोखर किती ऊर्जा वापरली ते वेगळ्या पद्धतीने मोजलं. तर त्यांनी खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि व्यायाम 51 टक्के जास्त. मला तर आनंदच झाला. 'जरासं' हा शब्द इंग्रजीत नसेल, पण भावना पोचलेली आहे.

आता तांदळाचं. चाचणीचा तांदूळ कोणता, यावर घरात चर्चाच झाली नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी काढलेला एचएमटी. दीड एकराच्या आसपासचा धनी, शाळा जेमतेम. 1983 मध्ये स्वतःच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, पुढच्या साली वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. वाण तयार झालं, नाव नव्हतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, व्यापाऱ्यांनी तेच नाव ठेवून दिलं. हा तांदूळ आज देशभर खाल्ला जातो आणि दादाजी 2018 च्या जून महिन्यात गेले, फारसे पैसे न पाहता. पुतणीच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्यांच्यावर दोन ओळी आहेत. त्या मी तिला चार करायला लावल्या.

पन्नास ग्रॅम कर्बोदकांसाठी कच्चा तांदूळ लागतो चौसष्ट ग्रॅम. पुतणीने काटा मांडला, वाटी ठेवली, शून्य केलं आणि दाणा दाणा टाकत बसली. त्रेसष्ट, पासष्ट, पुन्हा दोन दाणे काढ. आई दाराच्या चौकटीला टेकून हा खेळ पाहत होती. तिचं वय पंच्याऐंशी. शेवटी तिला राहवलं नाही.

"काहून एवढी चिवडून राहिली पोरी? किती पाह्यजे तुले?"

"चौसष्ट ग्रॅम, आजी."

"ते ग्राम मले नाई समजत. एका माणसाचं का दोन माणसाचं?"

"एका. पण दुबळ्या."

आईने माझ्याकडे पाहिलं, डब्यात हात घातला आणि मूठ वाटीत सोडली. काट्याने बासष्ट दाखवले. पुतणी हसली. मग तिला शंका आली आणि तिने वाटी रिकामी करून पुन्हा मूठ मागितली. त्रेसष्ट. पुन्हा. बासष्ट. दहा वेळा आईने मूठ भरली आणि दहाही वेळा ती बासष्ट ते चौसष्टच्या बाहेर गेली नाही. पोरीने वहीत मागच्या पानावर काहीतरी गणित केलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या ग्लुकोमीटरपेक्षा आजी नेमकी आहे." आईला यात काही विशेष वाटलं नाही. पुतणीने लगे हात तिला हेही सांगून पाहिलं की ताटात आधी भाजी, मग वरण-उसळ आणि भात शेवटी खाल्ला तर साखर कमी उसळते, तसं अमेरिकेत करून पाहिलंय. "म्हणजे वरणभाताच्या आधी भाजी?" आई म्हणाली. "मग ताकभात कवा? दुसऱ्या दिवशी?"

चाचणीचे दिवस मोजून तीन होते. पहिल्या दिवशी नुसतं ग्लुकोजचं पाणी, दुसऱ्या दिवशी ताजा भात, तिसऱ्या दिवशी शिळा. हे तिसरं ऐकून बायको चिडली. पाव्हणी पोरगी घरी आणि माणसाला शिळं वाढायचं? पण त्यात खरंच शास्त्र आहे. भात शिजून थंड झाला की त्यातलं काही पिष्ट पुन्हा घट्ट बसतं आणि आतड्याला ते सहजी पचत नाही, म्हणून साखर जरा कमी चढते. आईने हे ऐकून फक्त "बरं" म्हटलं. शिळ्या भाताला फोडणी देत तिने तीन पिढ्या मोठ्या केल्या होत्या.

आधी टोचायचं, मग खायचं, मग पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी आणि पुढच्या तासात अर्ध्या तासाने. एकूण सात टोचण्या. उजवा हात जेवायचा, म्हणून टोचायला डावा. डाव्या हाताला बोटं पाच. हे गणित कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, तिथे दुखत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी करंगळीला दोनदा टोचून घेतलेलं नसावं. आणि दोन तास जागचं हलायचं नाही, कारण माणूस चालायला लागला की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि आकडा खाली येतो. एरवी जेवणानंतर भद्रनागाच्या मंदिरापर्यंत शतपावली करा म्हणून मागे लागणारी पोरगी त्या दोन तासांत मला उठूही देत नव्हती.

एका जागी बसलेला माणूस दिसला की आमचं गाव भेटायला येतं. डावा हात पुढे करून, बोटांना कापूस लावून ओसरीवर बसलेला माणूस दिसला तर सल्ला द्यायलाही येतं. कारलं, जांभळाच्या बियांची पूड, कडुनिंबाचा रस, कुंडीतलं इन्सुलिनचं झाड. मेथी कोणी सांगितली तेव्हा पुतणीने मान डोलावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर खरेच प्रयोग केलेत, दिवसाला पंचवीस ग्रॅम देऊन. पण आमच्या घरात मेथी जाते ती लाडवात, आणि लाडू बांधायला गूळ लागतो.

शेजारचे डिफेन्समधून रिटायर झालेले गृहस्थ मात्र शब्दांवर थांबले नाहीत. त्यांनी जंगलातून आलेली गुडमारची पानं आणली. "दोन चावा मास्तर. नावातच आहे, गूड मारते." मी चावली. कडवट, बाकी काही नाही. तेवढ्यात कोणाचा तरी बारावीचा निकाल लागल्याचे पेढे आले. त्या दिवशीची चाचणी संपली होती म्हणून मी हक्काने एक तोंडात टाकला. आणि जागच्या जागी थिजलो. तोंडात पेढा नव्हता, ओली माती होती. खवा जाणवत होता, वेलदोडा जाणवत होता, गोडी गायब. मी साखर मागवली. वाळू. पुतणीने सांगितलं की गुडमारमधलं द्रव्य जिभेवरच्या गोडाच्या जागा अर्धा-पाऊण तास अडवून ठेवतं. आमच्या भद्रावतीत ग्रामोदय संघाने मातीपासून सुबक भांडी घडवली, त्याचं नाव दूरवर गेलं. पेढ्यापासून माती करणारा या गावातला मी पहिलाच.

तिसऱ्या दिवशी शिळा भात. उपाशीपोटी 105, पंधरा मिनिटांनी 118, तिसाव्या मिनिटाला 131. पुतणी खुशीत होती, रेघ वहीवर अशी हळुवार चढत होती. तेवढ्यात मला तहान लागली. पाणी चालतं. पोरगी वहीत मान घालून होती, तिला कशाला उठवा, म्हणून मीच स्वयंपाकघरात गेलो. चार पावलं. चार पावलांत स्नायू किती साखर ओढणार?

पंचेचाळिसाव्या मिनिटाला यंत्राने 341 दाखवलं.

घरात शांतता पसरली. मग एकदम सगळे बोलू लागले. बायको देवाजवळ दिवा लावायला गेली. शेजारचे गृहस्थ स्कूटर सुरू करूनच उभे राहिले, कुठे जायचं ते न विचारता. मी स्वतः खाटेवर आडवा झालो, कारण 341 ला उभं राहणं शोभत नाही. पुतणीचे हात थरथरत होते. तिने बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, पुन्हा टोचलं. 226.

"आं?" ती म्हणाली. दोन मिनिटांत माणसाची साखर शंभरने उतरत नाही. तिने यंत्राकडे पाहिलं, स्ट्रिपच्या डबीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं. मग माझा डावा हात उचलला आणि अनामिका स्वतःच्या नाकाजवळ नेली.

ती काही बोलली नाही. मला ओढत मोरीवर नेलं, साबणाने दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, कोरडे केले, आणि चौथं बोट टोचलं. 134.

जपानमध्ये 2011 साली हे कोणीतरी तपासून ठेवलं आहे, असं तिने मला नंतर अगदी शांत आवाजात सांगितलं. संत्री, द्राक्षं, किवी सोलायला लावली आणि हात न धुता बोटाचं रक्त तपासलं. आकडे आभाळाला. स्पिरिटने पुसूनही उपयोग नाही, पाण्यानेच धुवावं लागतं. फळाची साखर बोटाच्या रेषांत बसते आणि थेंबात उतरते. मला त्या जपानी लोकांचा राग आला. जगात दुसरे विषय नव्हते?

स्वयंपाकघरात रसासाठी आंबे कापून ठेवले होते. उजव्या हाताने पाण्याचा पेला धरला होता, हे मी शपथेवर सांगतो.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून सगळे बसले. पुतणीने तक्ता पूर्ण केला आणि मोठ्याने वाचून दाखवला. स्वयंसेवक क्रमांक एक. तिसरा दिवस वगळला. कारण : आंबा.

"कोणता?" आईने विचारलं.

"कोणता म्हणजे?"

"गावरान का बैगनफल्ली? गावरानाचा रस येगळा, बैगनफल्लीचा येगळा. नुसतं आंबा लिहून कायचं संशोधन होते पोरी?"

पुतणीने पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहून म्हटलं, बैगनफल्ली. तिने कंसात लिहिलं.

"अन् किती?" आई म्हणाली.

आता सगळेच माझ्याकडे पाहत होते. मी डाव्या हाताची दोन बोटं, ज्यांना अजून कापूस चिकटलेला होता, चिमटीत जवळ आणली.

"जरासा."